आधी चटका की आधी निसटणं?

फलटण तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय ३८. दोन वर्षांपूर्वी पावसात स्कूटी घसरली आणि उजव्या गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तिचं नवं लिगामेंट बसवलं. आता वाटीच्या खाली, आतल्या बाजूला चटके बसतात. परकराची कड घासली तरी जीव कासावीस होतो, आणि त्याच्या शेजारची नडगीवरची पट्टी मात्र बधिर आहे. शिवाय शाळेचा जिना उतरताना गुडघा ‘निघून गेल्यासारखा’ होतो. दोनदा पडता पडता वाचल्या. एमआरआयमध्ये ‘ग्राफ्ट शाबूत’, म्हणजे बसवलेलं नवं लिगामेंट अखंड, असं आलं आहे. एक डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. दुसरे म्हणाले, लिगामेंट परत बसवू. तिसरे म्हणाले, इंजेक्शनने नस जाळून टाकू. कुणाचं ऐकू, मुळात ऑपरेशन करायलाच नको होतं का, आणि पुढच्या आषाढीला पालखीबरोबर एक मजल चालता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ताई, मी साताऱ्यात २४ वर्षं फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. अजिंक्यताऱ्यावर रोज चढणाऱ्या आजोबांपासून कबड्डीच्या मॅटवरून थेट रिक्षातून आलेल्या पोरांपर्यंत बरेच गुडघे हाताखालून गेले. तुमचा गुडघा मी पाहिलेला नाही, त्यामुळे इथे बसून निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. तुमच्या गुडघ्यात दोन वेगळी भांडणं चालू आहेत. चटके हे एक आणि निसटणं हे दुसरं. तिन्ही डॉक्टरांनी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली, म्हणून तीन उत्तरं आली. आधी हे गाठोडं सोडवायचं.

चटक्यांपासून सुरू करू. आपल्याकडे ‘शीर’ या एका शब्दात रक्तवाहिनी, नस आणि स्नायूची दोरी अशा तिघींचा संसार चालतो, त्यातून अर्धे गैरसमज होतात. तुमच्या मांडीमागून काढली ती दोरी, म्हणजे टेंडन. दुखतेय ती नस. दोरी काढण्यासाठी नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला दोन-तीन बोटं लांबीचा छेद घेतात. मांडीतून खाली येणाऱ्या सॅफिनस नसेची एक बारीक फांदी नेमकी तिथूनच आडवी होऊन वाटीच्या खाली पुढे जाते. ती कुणाची जरा वर असते, कुणाची जरा खाली, आणि कातडीखाली सहज दिसत नाही. छेद घेताना ती ताणली जाते, कधी कापली जाते. हात कितीही कसलेला असला तरी हे घडतं, आणि या ऑपरेशननंतर छेदाशेजारी बधिर पट्टी राहणं अगदी नेहमीचं आहे. बहुतेकांना ती फक्त बधिर लागते आणि वर्षभरात ते विसरूनही जातात. थोड्यांच्या नसेचं तुटलेलं टोक व्रणात अडकतं किंवा त्याची बारीक गाठ होते. मग चटके, करंट, कापड न सोसणं हे सगळं सुरू होतं. एकाच जागी बधिरपणाही आणि अतिसंवेदनाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दुखावलेली नस अशीच वागते. तेव्हा ‘मनाचं आहे’ हे उत्तर बाजूला ठेवा.

घरी एक करून पाहा. खुर्चीत बसा, गुडघा सैल सोडा आणि व्रणावर मधल्या बोटाच्या टोकाने टिचकी मारावी तसं हलकं ठोकत एक-एक सेंटिमीटर पुढे सरका. एखाद्या जागी ठोकल्यावर नेमका तोच करंट वाटीच्या खाली धावला, तर तिथे बॉलपेनने फुली मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर ‘इथे कुठेतरी दुखतं’ म्हणण्यापेक्षा त्या फुलीचं वजन जास्त आहे. नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करायला सांगितली आणि नॉर्मल आली तर खचू नका. ही फांदी इतकी बारीक आहे की नेहमीच्या एनसीव्हीत ती धड पकडलीच जात नाही. तो रिपोर्ट मोठ्या नसांबद्दल बोलतो.

आता निसटणं. गुडघा निसटतो असं सांगणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाचा गुडघा खरंच निसटतो. लिगामेंट ढिलं असल्यामुळे मांडीचं हाड नडगीच्या हाडावर सरकतं. असा माणूस बहुतेकदा वळताना, पाय रोवून दिशा बदलताना, खड्ड्यात पाय पडला की पडतो. दुसऱ्याचा गुडघा जागेवरच असतो, पण क्षणभर मांडीचा पुढचा स्नायू बंद पडतो. दिवे गेल्यासारखा. हा माणूस जिना उतरताना, उतारावर, एसटीच्या पायरीवरून उतरताना सापडतो, कारण तिथे सगळा भार त्याच स्नायूने हळूहळू सोडायचा असतो. तुमचं वर्णन दुसऱ्याकडे झुकतंय, पण लिहिलेल्या वर्णनावर मी पैज लावणार नाही.

स्नायू बंद का पडतो? दोन मोठी कारणं. एक म्हणजे दुखणं. चटका बसला की मेंदू हात भाजल्यासारखा पाय सोडून देतो. दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही: गुडघ्यातलं पाणी. सांध्यात थोडं पाणी साचलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारा हुकूम मज्जारज्जूतच अडवला जातो. वाटीच्या वर आतल्या बाजूला जो थेंबासारखा फुगवटा असतो, त्या भागाला गप्प करायला २०-३० मिलिलिटर पाणी पुरतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण दोन-तीनदा भरेल इतकं. वरून बघून ते कळतही नाही. माझ्याकडे महिनोन्महिने ‘ताकद येत नाही’ म्हणणारे येतात, मन लावून व्यायाम केलेला असतो, आणि गुडघ्यात पाणी तसंच. पाणी का आहे ते शोधून ते उतरवल्याशिवाय त्या व्यायामाचा उपयोग कमीच.

मग खरं निसटणं आहे की दिवे जाणं, हे ठरवायचं कसं? तुमच्या एमआरआयचा इथे जेवढा धसका किंवा आधार घेतला जातोय, तेवढा घेऊ नका. एमआरआय काढताना तुम्ही आडव्या, स्थिर झोपलेल्या असता. ग्राफ्ट अखंड आहे हे त्यात दिसतं. तो ताठ आहे की सैल, हे हाताने तपासावं लागतं. गुडघा २०-३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची, तिला लॅचमन तपासणी म्हणतात. पाय वळवून करायची दुसरी एक तपासणी आहे, पिव्हट शिफ्ट. दोन्ही गुडघ्यांवर करून तुलना करायची असते, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. मनगट वाकवलं की तुमच्या हाताचा अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का? कोपर उलट दिशेला जातो का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझ्या मते या दोन तपासण्या दोन्ही पायांवर कुणी केल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेऊ नये. तुम्ही लिहिलेल्यात तिघांपैकी कुणी गुडघ्याला हात लावून तपासल्याचा उल्लेख नाही. विसरला असाल तर ठीक, नाहीतर मला ते खटकलं.

एमआरआयबद्दल अजून एक. तुमच्या रिपोर्टात ‘गादीला चीर’, म्हणजे गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला चीर, असंही लिहिलंय आणि तुम्ही त्यावर लाल शाईने गोल केलाय. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या रहिवाशांपैकी पन्नाशीपुढच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयमध्ये तपासले होते, तो अभ्यास २००८ मध्ये आला. ज्यांच्या गादीला चीर निघाली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघा दुखलाच नव्हता. तुम्ही त्यांच्याहून लहान आहात आणि तुम्हाला मार लागलाय, म्हणून ती चीर दुर्लक्षू नका. पण गुडघा मध्येच अडकत नसेल, सरळ करताना काही आडवं येत नसेल, तर तिच्यापायी झोप घालवू नका.

आता या उत्तरातला सगळ्यात कामाचा भाग. वेदनातज्ज्ञ, म्हणजे पेन क्लिनिक चालवणारे भूलतज्ज्ञ, किंवा तुमचे अस्थिरोगतज्ज्ञ, यांना एक विनंती करा. फुली मारलेल्या जागी, व्रणाजवळ, भुलीचं थोडं औषध देऊन ती बारीक फांदी तासाभरासाठी बधिर करता येते. सोनोग्राफीखाली केलं तर उत्तम. चटके पूर्ण थांबले, तर आरोपी सापडला. इथपर्यंत बरेच डॉक्टर करतात. पुढची पायरी बहुतेक वेळा राहून जाते: त्याच तासात जिना उतरून बघायचा. कठड्याला धरून, सोबत कुणीतरी ठेवून, दहा-बारा पायऱ्या. ही फांदी फक्त संवेदनेची आहे, तिच्याकडे एकाही स्नायूचं काम नाही. त्यामुळे ती बधिर केल्याने ताकद घटत नाही. चटका नसताना गुडघा मुकाट उतरला, तर तुमचं निसटणं दुखण्याच्या पोटातून येतंय. चटका नाही आणि तरीही गुडघा गेला, तर दुखण्याला दोष देऊन चालणार नाही. मग पाणी, कमजोर मांडी किंवा सैल ग्राफ्ट यांतला कोण, ते शोधायचं. एकच खबरदारी: इंजेक्शन व्रणाजवळच, थोड्या औषधाचं हवं. मांडीच्या मध्यावर जास्त औषध दिलं तर मांडीच्या स्नायूची नसही थोडी झोपते, आणि मग जिन्याच्या परीक्षेचा निकाल खोटा लागतो.

तोवर एक काम तुम्हीच करू शकता. शाळेच्या वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. गुडघा गेला की लिहायचं: कुठे, कितव्या पायरीला, सकाळी की शाळा सुटल्यावर, आणि मुख्य म्हणजे आधी चटका बसला की आधी गुडघा गेला. आधी चटका असेल तर डावीकडे रेघ, आधी निसटणं असेल तर उजवीकडे. दोन आठवडे करा. एकदा एका पोलिसदादांनी असं पान आणलं होतं, ड्यूटीच्या नोंदवहीसारखं वेळेसकट. बावीस रेघा डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्या एकीपुढे कंसात ‘केळीच्या सालीवरून’. निम्मं निदान त्यांनीच करून आणलं होतं.

एकदा मी स्वतः फसले तेही सांगते. पंचविशीतला एक कबड्डीपटू गुडघा दुखतो म्हणून आला. मी सहा आठवडे गुडघाच धरून बसले. फरक नाही. मग एक दिवस त्याला मांडी घालून बसताना बघितलं, तर उजवी मांडी खाली जातच नव्हती. खुब्याचा एक्सरे काढायला लावला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खराब झालेला होता. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुबा रडतो आणि आवाज गुडघ्यातून येतो. कंबरेतून निघणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या नसेचंही तसंच. तेव्हापासून गुडघ्याचा पेशंट आला की मी आधी कंबर आणि खुबा बघते. तुमच्याही बाबतीत कुणीतरी दोन मिनिटं काढून ते बघावं, व्रण समोर दिसत असला तरी.

आता तिघांचे सल्ले. लिगामेंट परत बसवणं, हे हाताच्या तपासणीत ग्राफ्ट नक्की सैल निघाला आणि चार-सहा महिने नीट व्यायाम करूनही गुडघा जात राहिला तरच. चटक्यांसाठी ते ऑपरेशन करायचंच नाही, उलट नवा छेद म्हणजे नसेवर नवं संकट. नस जाळणं हा उपचार खरा आहे. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे सुईच्या टोकाला लहरींनी उष्णता देऊन, गुडघ्याच्या सांध्याच्या नसा निकामी करतात, तो मुख्यतः झिजलेल्या गुडघ्यांसाठी. त्या सांध्याच्या खोल नसा आहेत, आणि तुमचा संशयित कातडीखालची वेगळीच फांदी. म्हणजे चोर एका घरात आणि धाड शेजारच्या घरावर. शिवाय त्याने गुडघा स्थिर होत नाही. तुमची व्रणाजवळची परीक्षा यशस्वी झाली, तर त्याच फांदीवर उपचार करता येतात. पुन्हा इंजेक्शन देता येतं, ती फांदी गोठवता येते, आणि अगदीच नाइलाज झाला तर गाठ काढता येते. पण हे सगळं, खाली सांगितलेली औषधं आणि व्यायाम करून झाल्यावर.

औषधांत साध्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या चटक्यांवर फारशा चालत नाहीत. त्या वर्षभर खाऊन फक्त पोट आणि मूत्रपिंडं खराब होतात. नसेसाठी प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटीन असे पर्याय आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अॅमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटीन ही मूळची नैराश्याची औषधं. चिठ्ठीत ती दिसली म्हणून ‘मला वेडी ठरवलं’ असं समजू नका, नसेच्या दुखण्यावर ती वेगळ्या मार्गाने काम करतात. पहिल्या आठवड्यात गुंगी येते, तेव्हा स्कूटी चालवू नका. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करू नका, कमी करत आणायची असतात.

आणि बिब्बा घालू नका. गरम पाण्याची पिशवीसुद्धा त्या पट्टीवर नको. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. मी नडगीवर रुपयाएवढे फोड घेऊन आलेल्या बायका बघितल्या आहेत. तुमचा मूळ त्रास परवडला असता.

व्यायामाचं थोडं बारकाईने सांगते, कारण कागदावरची चित्रं बघून लोक चुकीचं करतात. आधी कातडी. व्रणाभोवती खोबरेल लावून बोटाने गोल-गोल चोळायचं. मग चटक्याच्या कडेपासून सुरुवात करून कापसाने, दोन-चार दिवसांनी मऊ सुती कापडाने, मग टॉवेलने, शेवटी त्याच परकराच्या कडेने. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. नसेला ‘हे कापड आहे, सुई नाही’ हे परत शिकवायचं असतं. तीन-चार आठवडे लागतात आणि पहिला आठवडा नकोसा वाटतो.

मग मांडी. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुंडाळी खाली दाबायची, वाटी वर ओढली गेली पाहिजे, दहा अंक मोजायचे. दुसऱ्या पायाचा तोच स्नायू चाचपा. दोन्ही सारखे दगड झाले पाहिजेत. नसतील होत, तर जिना-बिना पुढची गोष्ट. ते जमलं की पाय सरळ ठेवून वर उचला. उचलताना गुडघा जरा जरी वाकला तर अजून एक आठवडा गुंडाळीच. त्यानंतर उतरण्याचा सराव, पण जिन्यावर नाही. घरातल्या चार इंची पाटावर उजवा पाय ठेवून उभं राहायचं, ओट्याला धरायचं आणि डाव्या पायाची टाच हळू खाली टेकवायची, तीन अंक मोजत. समोर आरसा ठेवा. गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे वळत असेल तर दोष खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचा आहे, त्यासाठी कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचे व्यायाम. शेवटी एका पायावर तोल. भाजी ढवळताना, दात घासताना. तुटलेल्या लिगामेंटबरोबर गुडघ्याची ‘मी कुठे आहे’ ही जाणीवही जाते, ती नव्या ग्राफ्टबरोबर फुकट येत नाही. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच हिशेब.

औषधांच्या दुकानातली गुडघ्याची लवचीक टोपी (नी-कॅप) घालायला हरकत नाही. ती हाड धरून ठेवत नाही, पण जाणीव वाढवते. मात्र तिची शिवण त्या फुलीवर येता कामा नये, आणि बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखालच्या हाडाच्या गाठीवर, घट्ट बसता कामा नये. तिथून पाऊल उचलणारी नस वळसा घेऊन जाते.

पाऊल उचलता येईनासं झालं, गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकून बसला, ताप येऊन गुडघा लालबुंद गरम झाला, पोटरी एकाएकी सुजली, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायाचा रंग बदलणं, एक पाय थंड किंवा घामेजलेला राहणं, कातडी चकचकीत होणं हे दिसलं तर आठवडाभरात. ते दुखणं वेगळं असतं आणि लवकर धरलं तरच आवरतं.

जाताना ऑपरेशन नोट बरोबर न्या, फक्त डिस्चार्ज कार्ड नको. छेद कुठे, दोरी कोणती, स्क्रू कोणते हे तिच्यात असतं. ती मागणं हा तुमचा हक्क आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, कोणते उपचार बसतात ते तो सांगेल. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे असे गुंतलेले प्रश्न एकत्र बघायची पद्धत आहे.

ऑपरेशन चुकलं का, हा प्रश्न तुम्हाला रात्री छळतो असं लिहिलंय. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही दोन्ही गट सारखेच. पण हेही बघा, की थांबलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे थांबता आलं असतं, आणि केलं हेही चूक नव्हतं. नसेची फांदी दुखावणं हा त्या छेदाचा ठाऊक असलेला धोका. तो आधी नीट समजावून सांगितला होता का, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो तुम्ही त्यांना शांतपणे विचारू शकता.

वारीचं म्हणाल तर लोणंद ते तरडगाव निवडा. ज्ञानोबांच्या पालखीच्या छोट्या मजलांपैकी ती आहे, दिवे घाटासारखी चढण नाही, आणि चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तेव्हा थांबायलाही मिळतं. अट एकच: त्याआधी महिनाभर पाटावरची उतरण सलग पंधरा वेळा, आरशात गुडघा आत न वळता झाली पाहिजे. गर्दीत उजव्या कडेने चाला, म्हणजे धक्का चांगल्या पायाच्या बाजूने येईल. खाली बसायची वेळ आली तर उजवा पाय लांब ठेवूनच बसा, माउली काही म्हणणार नाहीत. आणि परकर त्या दिवशी नको, सलवार घाला.